२४ स्लाइडचा गर्भविकास संच आणि अंडी उबवायची पेटी: काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

प्रॅक्टिकलसाठी विकत मिळणारा हा काचांचा (स्लाइडचा) संच हातात आला की आधी २३ नंबरची स्लाइड बाहेर काढावी. कोंबडीच्या ७२ तासांच्या गर्भाचा, धडातून घेतलेला आडवा छेद. बाकीच्या काचा नंतर निवांत बघता येतील. संच घ्यायचा की परत पाठवायचा, हे या एका काचेवर ठरतं.

१० एक्सच्या भिंगाखाली पाठीच्या बाजूला न्यूरल ट्यूब (पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणारी नळी) सापडते, मधोमध उभी फट असलेली. तिच्याखाली नोटोकॉर्डचा (गर्भाला आधार देणाऱ्या दांड्याचा) गोल ठिपका, दोन्ही अंगांना सोमाइटचे (पुढे मणके आणि स्नायू होणाऱ्या ठोकळ्यांचे) सुटे होत चाललेले भाग. बहुतेक प्रयोगशाळांत प्रॅक्टिकल इथेच उरकतं: आकृती काढली, बाण मारून नावं दिली, जर्नलवर सही घेतली, पुढची स्लाइड. या छेदातली खरी गंमत त्याच्या पुढे आहे. ४० एक्स लावून ट्यूबच्या आतल्या काठावर, म्हणजे पोकळीला लागून असलेल्या कडेवर, नजर फिरवा. भिंतीतली बाकीची केंद्रकं लांबट, फिकट, दाटीवाटीने उभी. काठावर मात्र मध्येमध्ये गोल झालेल्या पेशी दिसतात, आणि त्यांच्यात गडद निळी आखूड दांडी. ती दांडी म्हणजे मेटाफेजला (विभाजनाच्या मधल्या टप्प्याला) रांगेत उभी राहिलेली गुणसूत्रं, कडेने पाहिलेली. नीट हुडकलं तर दोन समांतर दांड्याही सापडतात, तो ॲनाफेज, म्हणजे गुणसूत्रं दोन बाजूंना वेगळी होतानाचा टप्पा. भिंतीच्या मधल्या किंवा बाहेरच्या भागात असं जवळपास काहीच दिसत नाही. विभाजन चालतं ते काठावरच.

कारण कळलं की हा छेद पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो. भिंत दिसते पाच-सहा थरांची, पण थर एकच आहे. प्रत्येक पेशी आतल्या काठापासून बाहेरच्या काठापर्यंत ताणलेली असते आणि तिचं केंद्रक त्या लांब नळीत वरखाली ये-जा करतं. डीएनएची नक्कल करायची वेळ आली की बाहेरच्या बाजूला, विभागायची वेळ आली की पोकळीच्या काठाला. एफ. सी. सॉवर यांनी १९३५ मध्ये ही ये-जा मांडली तेव्हा त्यांच्यासमोरही असेच स्थिर छेद होते. शिकवताना एसटी स्टँडवरच्या एकाच फलाटाचं उदाहरण चालतं: गाड्या सगळीकडे उभ्या, पण प्रवासी चढणार-उतरणार त्या एकाच ठिकाणी.

दांडी कोणत्या दिशेने उभी आहे, तेही बघायचं. या वयात बहुतेक दांड्या काठाशी काटकोनात उभ्या असतात. म्हणजे तर्कू (गुणसूत्रं ओढून वेगळी करणारा तंतूंचा जुडगा) काठाला समांतर, आणि होणाऱ्या दोन्ही पेशी शेजारीशेजारी काठावरच राहणार. त्यामुळे भिंत जाड न होता नळीचा घेर आणि लांबी वाढते. ज्या पेशी विभाजनाचं चक्र सोडतात त्या काठाशी नातं तोडून बाहेर सरकतात आणि तिथे चेतापेशी होतात. ७२ तासांच्या छेदात ट्यूबच्या खालच्या-बाहेरच्या कोपऱ्यात फिकट केंद्रकांची पातळ पट्टी दिसते, ती हीच. विभागत राहणाऱ्या पेशी आत, विभागणं थांबवलेल्या बाहेर. एका ऊतीचे दोन थर कसे पडतात ते एकाच काचेवर दिसतं.

आता या संचातली २३ नंबर कशी आहे? रंग उत्तम. हिमॅटॉक्सिलिन (केंद्रकांचा निळा रंग) गडद, इओसिन (बाकीच्या पेशीचा गुलाबी रंग) हलकं, केंद्रकांच्या कडा स्पष्ट. छेद मात्र जाड घेतलाय. बारीक फोकसचं चाक फिरवताना केंद्रकांचे दोन थर एकामागून एक येतात. आमच्या अंदाजाने १५ मायक्रॉनच्या आसपास असावा. अशा कामाला ८, फार तर १० मायक्रॉन हवा. जाड छेदात एका केंद्रकावर दुसरं चढतं आणि मेटाफेजची दांडी मागच्या केंद्रकात बुडून जाते. नवख्या डोळ्याला वाटतं की गडद डाग सगळीकडेच आहेत, आणि काठाचा मुद्दा हातचा जातो. तरी सरावलेल्या माणसाला एका छेदात सात-आठ विभाजनं मिळतात. आमच्या हिशेबी पास, काठावर.

एक इशारा. गोल, गडद आणि गुळगुळीत असा प्रत्येक ठिपका म्हणजे विभाजन नव्हे. मरणाऱ्या पेशीचं केंद्रकही आक्रसून गडद गोळा होतं. विभाजनाच्या दांडीच्या कडा खडबडीत असतात आणि भोवती पेशीद्रव्याचा स्वच्छ पांढुरका घेर असतो. मेलेल्या पेशीचा गोळा काजळाच्या टिपक्यासारखा सपाट, बहुधा दोन-तीन तुकड्यांत. हा फरक आधी फळ्यावर काढून दाखवला नाही तर विद्यार्थी मोजणीत दोन्ही एकत्र करतात.

२१ नंबर, ७२ तासांच्याच गर्भाचा डोळ्यातून घेतलेला छेद, ही या संचातली दुसरी कामाची काच. कपासारख्या डोळ्याच्या तोंडाशी भिंगाची पोकळ गोळी बसलेली आहे. गोळीची पुढची भिंत आणि मागची भिंत वेगळी दिसते ना, तिथे थांबा. पुढच्या भिंतीतल्या पेशी बुटक्या, त्यांच्यात विभाजनं सापडतात. मागच्या भिंतीतल्या पेशींनी विभागणं आवरतं घेतलेलं आहे आणि त्या लांब होऊ लागल्या आहेत. पुढे त्या गोळीची पोकळी भरून टाकतात आणि भिंगाचे पहिले तंतू बनतात. कुठे विभागायचं यावर जसा आकार ठरतो, तसाच कुठे थांबायचं यावरही. १९६३ मध्ये कुलोम्ब्र पती-पत्नींनी कोंबडीच्या गर्भातलं भिंग उलटं फिरवून बसवलं, तेव्हा डोळ्याच्या आतल्या बाजूला आलेल्या पेशी लांबू लागल्या. थांबण्याचा हुकूम बाहेरून, डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) बाजूने येतो, हे त्यावरून कळलं. हा छेद २३ नंबरपेक्षा पातळ आहे. एकाच संचातल्या दोन काचांत इतका फरक का, हे बनवणाऱ्यालाच ठाऊक.

१९ आणि २०, म्हणजे ४८ तासांचे छेद, ठीक. १९ मध्ये हृदयाची नळी चांगली कापली गेलीय. १६, १७, १८ हे २४ आणि ३३ तासांचे. न्यूरल फोल्ड (ट्यूब बनण्याआधीच्या घड्या) उचलले जाताना दिसतात, रंग जरा फिका. २२ वर बुडबुडा आहे, डीपीएक्स (कव्हरस्लिप चिकटवायचा डिंक) घाईत लावल्याचा. बुडबुडा छेदापासून दूर असता तर चाललं असतं. हा नेमका घशाच्या पोकळीवर बसलाय.

आता १० ते १५, पूर्ण गर्भाच्या काचा: १८, २४, ३३, ४८, ७२ आणि ९६ तास. संचाचा सगळा दिमाख यांच्यावर, किमतीचा मोठा वाटाही यांचाच, आणि परीक्षेत स्पॉटिंगलाही याच ठेवतात. दिसायला देखण्या आहेत. बोरॅक्स कार्मिनचा गुलाबी रंग सम, कडा निवळलेल्या, ७२ तासांच्या गर्भाचं डोकं सुबक वळलेलं. पण पेशीविभाजन बघायला यांचा काडीचा उपयोग नाही. गर्भ दबू नये म्हणून कव्हरस्लिपखाली काचेचे तुकडे टेकू म्हणून ठेवलेले असतात, त्यामुळे वरचा थर इतका जाड होतो की ४० एक्सचं भिंग फोकसला येण्याआधी काचेला टेकतं. आमच्या संचात ७२ आणि ९६ तासांच्या काचांवर ४० एक्स लागतच नाही. विद्यार्थ्यांना आधी बजावा, नाहीतर काच तडकते आणि भिंगाच्या टोकावर चरा पडतो तो निराळाच.

शिवाय वयाची लेबलं तपासून घ्यावीत. तासांवर विश्वास ठेवण्यापेक्षा सोमाइटच्या जोड्या मोजाव्यात. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये कोंबडीच्या गर्भाचे ४६ टप्पे ठरवून दिले, त्यातला हिशेब सोपा आहे: २४ तासांच्या आसपास पहिली जोडी, ३३ ते ३८ तासांना १० जोड्या, ४५ ते ४९ तासांना १६, आणि ७० ते ७२ तासांना ४० ते ४३. साधारण दीड तासाला एक जोडी पडते. या संचात '४८ तास' लिहिलेल्या काचेवर १३ जोड्या मोजता येतात. म्हणजे गर्भ ४० ते ४५ तासांचा. फसवणूक म्हणता येणार नाही. अंडं मशीनमध्ये ठेवलेली वेळ लिहिली असणार आणि गार अंडं तापायला लागलेले तास धरले नसणार. पण विद्यार्थ्याने आकृतीत पुस्तकातल्या ४८ तासांच्या जोड्या काढल्या तर तो काचेवरचं न बघता पाठ केलेलं काढतोय, हे पकडायला ही काच मस्त!

सोमाइटचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज इथेच दूर करू. सोमाइट 'पेशी विभागल्या म्हणून' तुटून पडत नाहीत. शेपटीकडच्या टोकाला नवीन पेशींचा पुरवठा चालू राहतो, त्यात विभाजनाचा हात आहे. पण कापणी ठराविक अंतराने होते ती पेशींच्या आतल्या जनुकीय घड्याळामुळे. विभाजन माल पुरवतं, कातरतं ते घड्याळ. १८ तासांच्या प्रिमिटिव्ह स्ट्रीकचं, म्हणजे गर्भाच्या पहिल्या रेघेचं, बरोबर उलटं आहे. तिथे विभाजनाने फक्त पेशी वाढतात असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. २०१६ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या गटाने दाखवलं की ब्लास्टोडर्मच्या, म्हणजे बलकावर पसरलेल्या गर्भपेशींच्या, चादरीत पेशी विभागताना शेजारणींच्या जागा बदलतात, चादर सैल राहते, आणि म्हणूनच ती मोठ्या प्रवाहासारखी वाहू शकते. विभाजन रोखलं की हा प्रवाह बिघडतो. १० नंबरच्या काचेवर यातलं काही दिसणार नाही, दिसते ती वाहून गेल्यानंतरची रेघ. ही गोष्ट काच हातात देताना तोंडी सांगायची.

बेडकाच्या ८ काचा (१ ते ८) पटकन उरकतो. २, ४ आणि ८ पेशींच्या अवस्था, मग ३२ पेशी, मोरुला (पेशींचा भरीव गोळा), ब्लास्टुलाचा (पोकळ गोळ्याचा) छेद, गॅस्ट्रुलाचा (पेशी आत वळतानाचा) छेद, न्यूरुला (न्यूरल ट्यूब बनतानाची अवस्था). ८ पेशींची काच चांगली: तिसरी खाच मधोमध न पडता वरच्या बाजूला सरकलेली, वरच्या चार पेशी लहान, खालच्या चार बलकाने फुगलेल्या. बलक खाचेला अडवतो, हे एवढं एका नजरेत दुसरीकडे दिसत नाही. या अवस्थेत अंडं वाढत नाही, नुसतं चिरलं जातं, हेही इथेच सांगून टाकावं. झेनोपस बेडकात २३ अंश सेल्सिअसला पहिली खाच सुमारे ९० मिनिटांनी, पुढच्या दर अर्ध्या तासाने, आणि अशा १२ फेऱ्या सगळ्या पेशी जवळजवळ एका तालावर करतात. चारेक हजार पेशी झाल्या की ताल मोडतो, गर्भाची स्वतःची जनुकं जोमाने कामाला लागतात, आणि तिथून पुढे कोणती पेशी कधी विभागणार याला अर्थ येतो.

ब्लास्टुलाच्या छेदात मात्र दोष आहे. खालच्या बलकवाल्या पेशींमध्ये भेगा आहेत, त्या विद्यार्थ्यांना पोकळ्या वाटतात. मेण ६० अंशांच्या वर तापलं, किंवा अल्कोहोलमध्ये गर्भ जास्त वेळ राहिला, की बलक विटेसारखा कडक होतो आणि मायक्रोटोमच्या (छेद कापायच्या यंत्राच्या) पात्याखाली त्याचा भुगा पडतो. खरी पोकळी एकच, वरच्या अर्ध्या भागात, गुळगुळीत कडेची. बाकीच्या वेड्यावाकड्या रेघा पात्याची करणी.

९ नंबर ही माशाच्या ब्लास्टुलाची काच, आणि संचातली सगळ्यात स्वस्त वाटणारी हीच काच सगळ्यात उपयोगी निघाली. लोह-हिमॅटॉक्सिलिनचा काळाभोर रंग, एकाच छेदात विभाजनाचे सगळे टप्पे, तर्कू, आणि तर्कूच्या दोन्ही टोकांना ताऱ्यासारखे पसरलेले तंतू. कांद्याच्या मुळात हे तारे नसतात. आणि इथे तर्कू सगळ्या दिशांना वळलेले आहेत. कुठे आडवा, कुठे उभा, कुठे थेट बघणाऱ्याकडे तोंड केलेला, तेव्हा गुणसूत्रांची दांडी न दिसता कडं दिसतं. ऑस्कर हर्टविग यांनी १८८४ मध्ये सांगितलेला नियम, की तर्कू पेशीच्या लांब बाजूने पडतो, तो इथे ताडून बघता येतो. पेशीची लांबी मोजायची, तर्कूची दिशा काढायची, २० पेशींची यादी करायची. सगळ्या जुळणार नाहीत, जुळल्या तर मोजणाऱ्याने चोरी केली असं समजावं. हीच काच जास्तीची आणखी दोन मागवावी.

२४ नंबर कांद्याच्या मुळाची. ही संचात घालणं म्हणजे लासलगावला कांदा पाठवण्यासारखं. मंडईतून कांदा आणा, पाण्याच्या पेल्यावर दोन-तीन दिवस ठेवा, मुळांची टोकं १ भाग ॲसिटिक ॲसिड आणि ३ भाग अल्कोहोलमध्ये टाका, मग पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ६० अंशांना काही मिनिटं, ॲसिटोकार्मिन, कव्हरस्लिप, अंगठ्याने दाब. या एका काचेचे पैसे वाचतात.

संचात एक काच नाही आणि तिची उणीव खटकते: ९६ तासांच्या गर्भाच्या पंखाच्या अंकुराचा छेद. अंकुराच्या टोकाला बाह्यस्तराची जाडसर पट्टी असते, आणि तिच्या लगेच खालच्या मध्यस्तरात विभाजनाची गर्दी. जॉन साँडर्स यांनी १९४८ मध्ये ही पट्टी कापून टाकली तर पंख अर्धवट राहतो हे दाखवलं. पट्टी जितकी उशिरा काढाल तितका पंख पुढपर्यंत पूर्ण होतो. १५ नंबरच्या पूर्ण गर्भात अंकुराचा फुगवटा दिसतो, पण आतलं काही नाही. बनवणाऱ्याने कांद्याऐवजी हा छेद घातला असता तर संच दुप्पट किमतीला घेतला असता.

किंमत: आम्हाला मिळालेला भाव संचाला साडेचार हजार. विक्रेत्याचं नाव देत नाही. सांगली-मिरज रस्त्यावर असोत की साताऱ्यात, दुकानं बदलली तरी असे संच दिसायला एकसारखेच असतात. लाकडी खाचांची पेटी चांगली आहे, कागदी लेबलं मात्र खळीने चिकटवलेली. साताऱ्याच्या पावसात त्यांना बुरशी धरते आणि दसऱ्यापर्यंत अर्धी गळून पडतात. लेबल पडण्याआधी काचेच्या कोपऱ्यावर हिरकणीच्या लेखणीने नंबर कोरून घ्या. पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा. काचा उन्हात ठेवल्या तर इओसिन उडतं. आणि सांगलीत खालच्या कप्प्यात काही ठेवू नये, हे २०१९ च्या महापुरानंतर कुणाला सांगावं लागत नाही.

आता उबवायची पेटी. सगळा संच घेण्याऐवजी मोजक्या काचा सुट्या घेऊन उरलेले पैसे यात घालावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. १२ अंड्यांची, थर्मोकोलच्या भिंतींची, पंखा असलेली, डिजिटल थर्मोस्टॅटची. साडेतीन हजारांच्या आसपास.

पंखा आहे म्हणून ३७.५ ते ३७.८ अंश लावायचं. बिनपंख्याच्या पेटीत अंड्याच्या वरच्या टोकाशी एखादा अंश जास्त धरावा लागतो. पडद्यावरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका: आमच्या पेटीत तो ३७.८ दाखवत असताना अंड्यांशेजारी ठेवलेला पाऱ्याचा थर्मामीटर ३६.९ दाखवत होता. सेन्सर हीटरजवळ आहे, त्यामुळे. तो अंड्यांच्या उंचीवर सरकवून चिकटपट्टीने पक्का केला की फरक जवळजवळ जातो. अंशभर कमी ताप असला की गर्भ मरत नाही, मागे राहतो, आणि गुरुवारच्या प्रॅक्टिकलला ४८ तासांच्या जागी ४० तासांचा हाती येतो. जास्त तापाचं उलट: ४० च्या वर गेलं की न्यूरल ट्यूब बंद न होणं, डोळा लहान राहणं असले प्रकार सुरू होतात.

सांगलीत हीच खरी अडचण. पेटीत हीटर आहे, गार करायची सोय नाही. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छताखालच्या प्रयोगशाळेत दुपारी ३९-४० अंश झाले की थर्मोस्टॅट हीटर बंद करून हात वर करतो, आणि आतला ताप बाहेरच्याइतका होतो. त्या दिवसांत पेटी तळमजल्यावरच्या उत्तरेकडच्या खोलीत, ओल्या पोत्याच्या आडोशाला ठेवावी, किंवा गर्भविकासाचं प्रॅक्टिकल सरळ जुलै ते जानेवारीत घ्यावं. साताऱ्यात प्रश्न डिसेंबरच्या रात्रीचा. खोली १२ अंशांवर येते, आणि लाइट गेली की थर्मोकोलच्या भिंती तासभर तग धरतात. त्या वेळी झाकण उघडायचं नाही, वर घोंगडी टाकायची. लाइट दोन-तीन तास गेली तर घड्याळ विसरून सोमाइट मोजावेत. ओलाव्यासाठी तळाशी पाण्याची ताटली, ५० ते ६० टक्के पुरे.

अंडी कुठली? दुकानातली पांढरी पोल्ट्रीची अंडी कितीही उबवा, गर्भ येणार नाही. त्या कोंबड्यांच्या खुराड्यात कोंबडाच नसतो. आठवडी बाजारातली गावरान अंडी फळलेली असू शकतात, पण वय कळत नाही, आणि २१ अंशांच्या वर पडून राहिलेल्या अंड्यात विकास सुरू झालेला असतो, तोही अर्धवट आणि वाकडा. अंडं घातलं जातं तेव्हाच त्यात हजारो पेशींचं ब्लास्टोडर्म तयार असतं, ते शून्यापासून सुरू होत नाही. म्हणून हॅचरीची, तारीख माहीत असलेली अंडी घ्या. १५ ते १८ अंशांना, निमुळतं टोक खाली, आठवड्याच्या आत वापरा. पेटीत ठेवण्याआधी तीन-चार तास खोलीत राहू द्या, नाहीतर कवचावर दव धरतं आणि त्यातून जंतू आत जातात.

वेळेचं गणित गुरुवारी सकाळी ११ च्या प्रॅक्टिकलसाठी: ७२ तासांची सोमवारी ११ ला, ४८ ची मंगळवारी ११ ला, २४ ची बुधवारी ११ ला. ३३ तासांच्या अंड्यासाठी बुधवारी पहाटे दोनला उठावं लागेल, ते कुणी करत नाही. मंगळवारी रात्री १० ला ठेवा, तापायचे तास वजा जाता गुरुवारी साधारण १० जोड्यांचा गर्भ मिळतो. प्रत्येक गटात दोन अंडी जास्तीची.

अंडं फोडताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. अंडं अर्धा तास आडवं स्थिर ठेवलेलं नसेल तर गर्भ वर येत नाही. बोथट टोकाला भोक पाडून सिरिंजने २-३ मिली पांढरं काढलं नाही, तर गर्भ कवचाला चिकटून राहतो आणि खिडकी कापताना कात्री थेट त्याच्यातून जाते. गाळणकागदाची, मधोमध भोक पाडलेली चकती गर्भाभोवती टेकवायची, ती बलकावरच्या पडद्याला धरते, मग चकतीच्या बाहेरून गोल कापून पूर्ण उचलायचं. धुवायला रिंगर द्रावण, १ लिटर पाण्यात मीठ ७.२ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३७ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड ०.१७ ग्रॅम, आणि ते ३७ अंशांवर कोमट. गार द्रावणात ४८ तासांच्या गर्भाचं हृदय मंदावतं, आणि धडधडणारं हृदय दाखवण्याची संधी जाते.

कायमची काच करायची तर बुआँ द्रावण: पिक्रिक ॲसिडचं संपृक्त द्रावण ७५ मिली, फॉर्मालिन २५, ग्लेशियल ॲसिटिक ५. पिक्रिक ॲसिडच्या बाटलीत कायम पाणी असू द्या, कोरडं झालं तर ते स्फोटक आहे. झाकणाच्या आट्यांत सुकलेले पिवळे कण दिसले तर बाटली उघडायच्या भानगडीत पडू नका. नंतर ७० टक्के अल्कोहोल, पिवळेपणा जाईपर्यंत बदलत राहा. इथे घाई केली की पुढे कार्मिन धरत नाही.

विभाजन मात्र ताज्या मालातच बघावं. ७२ तासांच्या गर्भाच्या धडाचा दीड-दोन मिलिमीटरचा तुकडा १:३ ॲसिटिक-अल्कोहोलमध्ये अर्धा तास, मग ॲसिटोकार्मिन, कव्हरस्लिप, पेन्सिलच्या मागच्या टोकाने टकटक, मग गाळणकागदातून सरळ दाब, घसरू न देता. मेटाफेज भरपूर मिळतात. गुणसूत्रं मोजायला बसू नका: कोंबडीची ७८, त्यातली बहुतेक इतकी बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धुळीसारखी दिसतात. या दाबलेल्या काचेत पेशींची जागा मोडते, म्हणून ती शेजारी २३ नंबर ठेवून बघायची. एकीत विभाजन ठसठशीत, दुसरीत त्याची जागा.

तेव्हा सुट्या घ्यायच्या त्या ३, ६, ९, १९, २१, २३ आणि पूर्ण गर्भाच्या ३३ व ७२ तासांच्या. ६ नंबर भेगांसकट घेतली तरी चालेल, खरी आणि खोटी पोकळी ओळखायला शिकवता येतं. ऑर्डरच्या कागदावर तीन ओळी लिहून द्याव्यात: छेद १० मायक्रॉनच्या आत, पूर्ण गर्भाच्या काचेवर तासांसोबत सोमाइटच्या जोड्या लिहिलेल्या, आणि छेदाच्या काचा ४० एक्सखाली बघून मगच पैसे. तिसऱ्या ओळीवर दुकानदार कुरकुरतो. त्याच्याच काउंटरवरचा मायक्रोस्कोप मागून घ्या आणि २३ नंबर लावा.